जे भाषेत जोडणी आणि रँक : तीच क्रियापदे असूनही वेगात इतका फरक कशामुळे पडतो?

प्रश्न : मोजणीदार

नमस्कार. मी जे ही ॲरेंवर (संख्यांच्या याद्या आणि सारण्यांवर) एकदम काम करणारी प्रोग्रामिंग भाषा वापरतो; तिच्यात फंक्शनला क्रियापद म्हणतात. माझ्याकडे भूमापनातील बिंदूंच्या दोन सारण्या आहेत. प्रत्येकीत साधारण २,००० रांगा असून पूर्व, उत्तर आणि उंची असे तीन स्तंभ आहेत. सर्व आकडे मीटरमध्ये आहेत. नव्या मोजणीतील प्रत्येक बिंदूला जुन्या मोजणीतील सर्वांत जवळचा बिंदू किती अंतरावर आहे, हे मला काढायचे आहे. त्यासाठी प्रथम प्रत्येक जोडीच्या अंतराचा वर्ग काढण्याची तीन क्रियापदे मी लिहून पाहिली. डावीकडे नवी सारणी आणि उजवीकडे जुनी, असा वापर आहे.

पहिले : `+/@:*:@:-"1/`

दुसरे : `+/@*:@-"1/`

तिसरे : `+/"1@:*:@:(-"1/)`

पहिले बरोबर उत्तर देते, पण फार वेळ घेते. दुसऱ्यात मी केवळ `@:` मधील विसर्गचिन्हे काढली आहेत, तर उत्तराचा आकारच बदलतो आणि २,००० × २,००० ऐवजी २,००० × २,००० × ३ असा ॲरे हाती येतो. तिसरे पहिल्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे, मात्र ते चालू असताना मेमरी एकदम भरते, आणि पुढच्या कामात माझ्याकडे प्रत्येकी २०,००० बिंदू असणार आहेत.

तिन्हींत वजाबाकी (`-`), वर्ग (`*:`) आणि बेरीज (`+/`) हीच तीन क्रियापदे आहेत. मग पहिल्यात आणि तिसऱ्यात वेगाचा एवढा फरक नेमका कोठून येतो? `@` हे क्रियापदे जोडणारे चिन्ह जर असा परिणाम करत असेल, तर ते भाषेत ठेवण्यामागे काय विचार आहे? आणि लिहून वेळ मोजण्याच्या आधीच, नुसते क्रियापद वाचून, ते किती महाग पडेल याचा अंदाज बांधता येतो का?

उत्तर : आदिअक्ष

अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी क्रियापद वाचताना एकच गोष्ट शोधायची असते : फेरा (लूप) कोठे आहे. जे भाषेत आपण फेरा शब्दांनी लिहीत नाही, पण रँक लिहितो, म्हणजे क्रियापदाने एका वेळी केवढा तुकडा (सेल) घ्यावा हे सांगतो (० म्हणजे एक संख्या, १ म्हणजे एक रांग), आणि रँक म्हणजेच फेरा. `"1` असे लिहिले की त्याच्या डावीकडचे संपूर्ण क्रियापद एकेका रांगेवर स्वतंत्रपणे चालवावे, असा आदेश इंटरप्रिटरला (कार्यक्रम वाचून चालवणाऱ्या यंत्रणेला) मिळतो. म्हणून `"1` च्या डावीकडे नेमके काय येते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

आपल्या पहिल्या क्रियापदात `"1` च्या डावीकडे सगळेच येते. जे मधील `@:`, `@` आणि `"` यांसारखी संयोजके डावीकडून बांधली जातात, त्यामुळे त्या ओळीचा अर्थ `(+/@:*:@:-)"1` आणि त्यावर सारणी करणारा `/` असा होतो. म्हणजे रांगांच्या प्रत्येक जोडीसाठी वजाबाकी, वर्ग आणि बेरीज ही तिन्ही क्रियापदे नव्याने बोलावली जातात. जोड्या ४० लाख आहेत; म्हणून मूळ क्रियापदांना १ कोटी २० लाख वेळा हाक जाते, आणि दर हाकेला त्यांच्या हाती पडतात जेमतेम तीन संख्या. इंटरप्रिटरला प्रत्येक हाकेत आलेल्या ॲरेचा प्रकार तपासावा लागतो, त्याची रँक आणि आकार पाहावे लागतात, दोन्ही बाजूंचे आकार जुळतात का हे ठरवावे लागते, उत्तरासाठी जागा घ्यावी लागते आणि शेवटी ते उत्तर मोठ्या ॲरेत योग्य ठिकाणी नेऊन ठेवावे लागते. तीन संख्यांची वजाबाकी या सगळ्या तयारीच्या तुलनेत अगदी किरकोळ असते, आणि आपला वेळ जवळजवळ पूर्णपणे तयारीतच जातो.

तिसऱ्या क्रियापदात कंसाची जागा बदलली आहे. तेथे `"1/` हे केवळ वजाबाकीला लागते, आणि वजाबाकी हे मूळ क्रियापद असल्यामुळे त्याच्या रँकची व्यवस्था इंटरप्रिटरच्या आतच केलेली आहे. जे मध्ये `+`, `-`, `*` यांना आणि `+/` सारख्या घडणीला रँक दिली, तर दर सेलसाठी बाहेरून नवी हाक जात नाही; सगळा फेरा आतल्या यंत्रभाषेतील कोडमध्ये होतो. म्हणून ते क्रियापद मोजून तीन हाकांत संपते : सर्व वजाबाक्या एका ॲरेत, सर्व वर्ग दुसऱ्यात आणि शेवटी सर्व बेरजा.

मेमरीचा भार याच कारणाने येतो. वजाबाक्यांचा मधला ॲरे २,००० × २,००० × ३ आकाराचा, म्हणजे १ कोटी २० लाख संख्यांचा असतो. प्रत्येक संख्येला ८ बाइट धरले, तर तो ९ कोटी ६० लाख बाइट जागा घेतो. अंतिम उत्तराला त्याच्या एक तृतीयांश जागा पुरते. २०,००० बिंदूंसाठी हाच मधला ॲरे शंभर पट होऊन ९६० कोटी बाइटवर जाईल, आणि तेथे तिसरी वाट बंद होते.

आता दुसऱ्या क्रियापदाकडे वळू. `@:` हे जोडलेल्या क्रियापदाला अनंत रँक देते, म्हणजे उजवीकडचे क्रियापद जे काही देईल ते सगळे एकत्र झाल्यावरच डावीकडचे त्यावर चालते. `@` तसे नाही. ते जोडलेल्या क्रियापदाला उजवीकडच्या क्रियापदाची रँक देते. `-` आणि `*:` या दोघांची रँक शून्य असल्यामुळे `+/@*:@-` याचीही रँक शून्य होते, आणि बेरजेच्या हाती प्रत्येक वेळी एकच सुटी संख्या येते. एका संख्येची बेरीज म्हणजे तीच संख्या. म्हणून आपल्याला बेरीज न झालेले तीन वर्ग तसेच्या तसे मिळाले. वेळही वाढतो, कारण आता सेल रांगेचा नसून एकेका संख्येचा आहे. डावे आणि उजवे, अशी दोन्ही क्रियापदे संख्यानिहाय असतील (उदाहरणार्थ `*:@-`), तर `@` आणि `@:` यांचे उत्तर एकच येते आणि इंटरप्रिटरला ते सगळे एकदम चालवण्याची मुभा राहते. पण ती मुभा कोणत्या जोड्यांना मिळते, हे आवृत्तीवर अवलंबून असते. म्हणून माझा सल्ला असा आहे की, दर सेलला वेगळे चालवण्याचे काही कारण नसेल तर `@:` लिहावे.

उत्तर : स्तंभपंक्ती

वरील विवेचन योग्य आहे. पण त्यावरून फेरा पूर्णपणे टाळणे हेच उत्तम, असा समज होऊ नये. आपल्या कामासाठी पहिल्या आणि तिसऱ्या क्रियापदाच्या मधली वाट दोघांपेक्षा चांगली आहे, आणि ती सापडते रँक वेगळ्या ठिकाणी लावल्यामुळे :

`(+/@:*:@:-)"1 _`

याच्या डावीकडे नवी सारणी जशीच्या तशी द्यावी आणि उजवीकडे जुनी सारणी `|:` लावून आडवी करून, म्हणजे ३ × २,००० अशी, द्यावी. `"1 _` याचा अर्थ असा की डावीकडून एक रांग घ्यायची, तर उजवीकडून संपूर्ण सारणी. फेरा आता २,००० वेळाच होतो, आणि प्रत्येक फेऱ्यात मूळ क्रियापदांच्या हाती ६,००० संख्या येतात. ६,००० संख्यांच्या कामापुढे इंटरप्रिटरची तयारी नगण्य ठरते. मधला ॲरे ४८,००० बाइटचा होतो, जो आजच्या कोणत्याही प्रोसेसरच्या दुसऱ्या पातळीच्या कॅशेत (प्रोसेसरमधील लहान, वेगवान मेमरीत) सहज मावतो. तिसऱ्या क्रियापदातले ९ कोटी ६० लाख बाइट मात्र एकदा मुख्य मेमरीत लिहून, वर्ग करताना पुन्हा वाचून आणि बेरजेसाठी आणखी एकदा वाचून काढावे लागतात. प्रोसेसरला गुणाकार करायला जेवढा वेळ लागतो त्याहून मुख्य मेमरीतून आकडा येण्याची वाट पाहायला अधिक वेळ लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हाका कमी असूनही तिसरे क्रियापद का मागे पडू शकते ते समजते.

सारणी आडवी करणे येथे फार महत्त्वाचे आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. जे मध्ये दोन ॲरेंची जुळणी पहिल्या अक्षापासून होते. तीन संख्यांची रांग आणि ३ × २,००० ची सारणी यांची वजाबाकी केली, तर रांगेतील पहिली संख्या सारणीच्या पहिल्या रांगेतील सर्व २,००० संख्यांशी जुळते, दुसरी दुसऱ्या रांगेशी आणि तिसरी तिसऱ्या रांगेशी. त्यामुळे वजाबाकीला वेगळी रँक देण्याची गरजच राहत नाही. पुढे `+/` ही पहिल्या अक्षावरची बेरीज असते. ती २,००० संख्यांच्या तीन लांब रांगा एकमेकींत मिळवते. मेमरीत ॲरे रांगेमागून रांग असा साठवलेला असल्यामुळे या लांब रांगा सलग असतात, आणि प्रोसेसरच्या एका आदेशात चार किंवा आठ संख्यांची बेरीज करण्याची सोय पूर्णपणे वापरता येते. याउलट `+/"1` ला तीन-तीन संख्यांच्या ४० लाख आखूड बेरजा कराव्या लागतात. तेथे इंटरप्रिटरचा फेरा वाचला, तरी आतला फेरा तीन पावलांतच संपतो, आणि एवढ्या आखूड फेऱ्याला वेग घ्यायला वाव मिळत नाही.

नमपायमधून (पायथन भाषेतील ॲरेंच्या लायब्ररीतून) आलेल्यांनी येथे विशेष सावध राहावे, कारण तेथे जुळणी शेवटच्या अक्षापासून होते. तेथे २,००० × ३ या सारणीतून तीन संख्यांची रांग सरळ वजा होते, आणि त्याच सवयीने लोक जे मध्येही सारणी उभी ठेवून सगळीकडे `"1` लावत जातात. उत्तर बरोबर येते, पण जे ज्या दिशेने सहज चालते तिच्या उलट दिशेला ते काम रेटले जाते.

यापुढची पायरी आपल्या मूळ गरजेशी संबंधित आहे. आपल्याला सर्व अंतरे नको आहेत. प्रत्येक नव्या बिंदूसाठी एकच, सर्वांत लहान अंतर हवे आहे. मग ती निवडही सेलच्या आतच करावी :

`(<./@:(+/@:*:@:-))"1 _`

आता प्रत्येक फेऱ्यातून एकच संख्या बाहेर पडते आणि उत्तर २,००० संख्यांचे होते. वर्गमूळही शेवटी त्या २,००० संख्यांचेच घ्यावे. सर्वांत लहान वर्गाचे मूळ हेच सर्वांत लहान अंतर असल्यामुळे ४० लाख वर्गमुळे काढण्याचे कारण नाही. २०,००० बिंदूंसाठी हेच क्रियापद दर फेऱ्याला ४,८०,००० बाइटचा मधला ॲरे तयार करील, तोही सुसह्य आहे. बिंदू दोन लाखांवर गेले, तर जुन्या सारणीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा किमान काढावा आणि शेवटी त्या किमानांचा किमान घ्यावा. त्याहून मोठ्या कामात मात्र रँकच्या कौशल्याने भागणार नाही, कारण प्रत्येक जोडी तपासण्याचे काम तसेच उरते. तेथे अवकाशाचे भाग पाडून शोधणारी वृक्षासारखी रचनाच वापरावी लागेल.

मोजणीदार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आडव्या सारणीचे क्रियापद लगेच चालवून पाहिले. उत्तर पहिल्या क्रियापदाशी तंतोतंत जुळले आणि मेमरीचा प्रश्न सुटला. `"1` कशाला लागते हे पाहण्याची दृष्टीही मिळाली.

एक उपप्रश्न आहे. अंतराचा वर्ग म्हणजे दोन्ही बिंदूंच्या मूळबिंदूपासूनच्या लांबींच्या वर्गांची बेरीज वजा त्यांच्या अंतर्गुणाकाराची दुप्पट. अंतर्गुणाकारांची सारणी `+/ . *` या मॅट्रिक्स गुणाकाराने एका फटक्यात मिळते, आणि मॅट्रिक्स गुणाकार सर्वत्र अतिशय वेगवान केलेला असतो असे वाचले आहे. मग तीच वाट सर्वांत उत्तम नव्हे का? माझे निर्देशांक यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या नकाशापद्धतीच्या) ४३ व्या पट्ट्यातील असून क्षेत्र पुण्याजवळचे आहे.

उत्तर : दशांशरक्षक

वेगाच्या दृष्टीने आपला तर्क बरोबर आहे, परंतु आपल्या आकड्यांवर तो तसाच वापरू नये. याचे कारण आपल्या शेवटच्या वाक्यातच आहे.

पुण्याच्या अक्षांशावर यूटीएमचा उत्तर निर्देशांक सुमारे २० लाख ४८ हजार मीटर असतो. त्याचा वर्ग ४ लाख कोटींहून मोठा होतो. ६४ बिटांच्या दशांश संख्येत ५३ बिटांची अचूकता असते; एवढ्या मोठ्या संख्येच्या जागी लागोपाठच्या दोन लिहिता येण्याजोग्या संख्यांमध्येच सुमारे ०.०००५ इतके अंतर पडते, आणि दोन वर्गांची बेरीज केल्यावर ते दुप्पट होते. आपण सुचवलेल्या सूत्रात अशा दोन प्रचंड संख्या जवळजवळ पूर्णपणे एकमेकींत वजा होतात, आणि मागे उरणाऱ्या लहानशा संख्येत साधारण एक हजारांश चौरस मीटरची चूक राहते. त्याचे वर्गमूळ तीन सेंटिमीटरच्या आसपास येते. जुन्या आणि नव्या मोजणीतील बिंदू एकमेकांपासून काही सेंटिमीटरवरच असतील, तर आपण जे मोजू पाहता तेच या चुकीत बुडून जाईल.

जे मध्ये याचा आणखी एक परिणाम होतो. चुकीमुळे एखादा वर्ग शून्याच्या किंचित खाली गेला, तर `%:` तक्रार न करता त्याचे काल्पनिक वर्गमूळ देते. एक जरी संख्या अशी निघाली, तरी संपूर्ण उत्तर संमिश्र संख्यांचा ॲरे होते, दर संख्येला ८ ऐवजी १६ बाइट लागतात आणि पुढची सगळी क्रियापदे संमिश्र संख्यांच्या मंद वाटेने चालतात. कार्यक्रम कोठेही थांबत नाही. म्हणून असा मंदपणा कोठून आला हे शोधणे अवघड जाते.

मॅट्रिक्स गुणाकाराची वाट घ्यायचीच असेल, तर आधी दोन्ही सारण्यांतून एकच मध्यबिंदू वजा करावा. जुन्या सारणीचा मध्य `(+/ % #)` याने मिळतो, आणि तो दोन्ही सारण्यांतून `-"1` ने वजा करता येतो. क्षेत्र काही किलोमीटरचे असेल, तर निर्देशांक हजारांच्या घरात येतात, त्यांचे वर्ग काही कोटींपलीकडे जात नाहीत, आणि वर सांगितलेली चूक मोजणीच्या मानाने नगण्य होते. तरीही केवळ तीन स्तंभ असताना मी वजाबाकी आधी करणारे क्रियापदच निवडेन. मॅट्रिक्स गुणाकाराचा खरा लाभ स्तंभ शेकड्यांनी असतात तेव्हा होतो; तीन स्तंभांत एकेका आकड्यावर होणारे काम इतके थोडे असते की त्यातून फारसे हाती लागत नाही, आणि २,००० × २,००० चा ॲरे मात्र पूर्णच्या पूर्ण तयार करावा लागतो.

उत्तर : कवठेकर_एपीएल

`@` कशासाठी, हा मूळ प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

रँक देण्याची कल्पना आर्थर व्हिटनी यांनी १९८२ मध्ये, हायडेलबर्ग येथील एपीएल (जे ची पूर्वज भाषा) परिषदेच्या सुमारास एपीएलचे जनक केनेथ आयव्हरसन यांच्यापुढे मांडली. त्याआधीच्या एपीएलमध्ये कोणत्या अक्षावर काम करायचे हे काही ठरावीक क्रियांनाच चौकटी कंसात सांगता येई, आणि प्रत्येक क्रियेचा नियम वेगळा होता. रँकमुळे कोणतीही क्रिया, स्वतः लिहिलेलीसुद्धा, ठरावीक आकाराच्या सेलवर चालवण्याची एकच पद्धत मिळाली. पुढे १९९० मध्ये आयव्हरसन आणि रॉजर हुई यांनी जे घडवली, तेव्हा प्रत्येक क्रियापदाला जन्मतःच रँक देण्यात आली. एकदा क्रियापदाला स्वतःची रँक आहे असे मानले, की जोडलेल्या क्रियापदाची रँक कोणती हा प्रश्न उभा राहतोच, आणि `@` हे त्याचे एक सुसंगत उत्तर आहे : उजवे क्रियापद ज्या सेलवर चालते, त्याच सेलवर जोडीही चालावी.

याचा प्रत्यक्ष उपयोग पाहण्यासाठी एखाद्या सारणीच्या प्रत्येक रांगेत किती वेगवेगळ्या संख्या आहेत, हे काढून पाहावे.

`#@(~."1)`

येथे `~."1` प्रत्येक रांगेतील वेगळ्या संख्या काढते, आणि `@` मुळे `#` त्या रांगेचे उत्तर तयार होताच तेथल्या तेथे मोजणी करते. आता हेच `#"1@:(~."1)` असे लिहून पाहावे. सर्व रांगांची उत्तरे आधी एकत्र रचली जातात. त्यांची लांबी कमी-जास्त असल्यामुळे लहान रांगांना शून्ये जोडून सर्वांत लांब रांगेइतके केले जाते. आणि मग मोजणी केली तर प्रत्येक रांगेला तीच सर्वांत मोठी लांबी मिळते. म्हणजे उत्तर चुकते, आणि ते चुकीचे उत्तर काढण्यासाठी पूर्ण सारणीएवढी मेमरीही खर्च होते. उजवे क्रियापद सेलमागे बरेच काही निर्माण करत असेल आणि डावे त्याचे लगेच थोडक्यात रूपांतर करत असेल, तर `@` हेच योग्य असते. स्तंभपंक्ती यांनी किमान काढण्याचे काम सेलच्या आत नेले, त्यामागचे तत्त्वही हेच आहे; फक्त त्यांनी रँक `"1 _` अशी उघडपणे लिहिली.

डायलॉग एपीएलमध्ये, म्हणजे एपीएलच्या आजच्या एका रूपात, वेगळा मार्ग निवडला गेला. तेथे रँकचे चिन्ह २०१४ च्या १४.० या आवृत्तीत आले आणि दोन क्रियांची जोडणी करणारे चिन्ह २०२० च्या १८.० या आवृत्तीत. चिन्ह एकच आहे, `⍤`. त्याच्या उजवीकडे संख्या असेल तर ती रँक, आणि क्रिया असेल तर जोडणी. मात्र तेथली जोडणी उजवीकडच्या क्रियेची रँक उचलत नाही, ती नेहमी संपूर्ण ॲरेवर चालते. त्यामुळे डायलॉगमध्ये फेरा नकळत शिरत नाही. तो `⍤1` किंवा `¨` असा डोळ्यांना दिसेल तेथेच असतो. नव्याने शिकणाऱ्यासाठी हे सोपे आहे, यात शंका नाही. तरी जे ची रीत मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते, कारण तेथे क्रियापद लिहिणारा आपल्या क्रियापदाचा स्वाभाविक सेल एकदा ठरवून देतो आणि पुढे ते कोठेही जोडले तरी तो टिकून राहतो.

वेगाच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. जे चा इंटरप्रिटर काही जोड्या एकच क्रियापद म्हणून ओळखतो. `+/@:=` ही त्यांपैकी एक आहे. दोन लांब याद्यांत किती ठिकाणी जुळणी होते हे ती मोजते, आणि मधला शून्य-एकांचा ॲरे तयारच करत नाही. `+./@:=` ही कोठेतरी जुळणी आहे का एवढेच विचारत असल्याने पहिली जुळणी सापडताच थांबू शकते. `+/@:=` ऐवजी `+/@=` लिहिले, की रँक शून्य होते, ओळखीची जोडी उरत नाही आणि उत्तरही वेगळे येते. मात्र `+/@,` यात `@` असले तरी नुकसान नाही, कारण `,` ची रँक मुळातच अनंत आहे. म्हणून `@` दिसताच घाबरण्याऐवजी त्याच्या उजवीकडच्या क्रियापदाची रँक पाहावी. ती विचारण्यासाठी जे मध्येच बी-डॉट (`b.`) हे क्रियाविशेषण आहे. त्याला शून्य दिले की क्रियापदाच्या तिन्ही रँक समोर येतात.

या ओळखीच्या जोड्यांच्या बाबतीत नावे आड येतात, हेही सांगायला हवे. बेरजेला आणि तुलनेला स्वतःची नावे देऊन ती नावे `@:` ने जोडली, तर वाचायला बरे वाटते, पण इंटरप्रिटरला जोडणी करताना केवळ नावे दिसतात. नावांमागचा अर्थ तो चालवण्याच्या वेळीच शोधतो, आणि तोवर जोडी ओळखण्याची वेळ निघून गेलेली असते. अशा क्रियापदाची व्याख्या पूर्ण झाल्यावर त्याला एफ-डॉट (`f.`) लावावे, म्हणजे नावांच्या जागी मूळ चिन्हे बसतात आणि जोडी पुन्हा ओळखली जाते.

मोजणीदार

`#@(~."1)` हे उदाहरण फार उपयोगी पडले, `@` ची गरज त्यावरून स्पष्ट झाली. मध्यबिंदू वजा करूनही अंतरे काढून पाहिली आणि ती थेट वजाबाकीच्या उत्तरांशी जुळली. वजा न करता काढली तेव्हा काही ठिकाणी खरोखरच संमिश्र संख्या आल्या.

शेवटचे एक विचारतो : वेळ आणि मेमरी यांची मोजणी जे मध्येच कशी करावी?

उत्तर : आदिअक्ष

`6!:2` याला वाक्य अवतरणचिन्हांत द्यावे. ते चालवायला किती सेकंद लागले हे मिळते. त्याच्या डावीकडे एखादी संख्या दिली, तर तितक्या वेळा चालवून सरासरी दिली जाते, आणि लहान कामांसाठी ती अवश्य द्यावी. `7!:2` याच प्रकारे ते वाक्य चालताना लागलेली जागा बाइटमध्ये सांगते. दोन्ही मोजमापे एकत्र पाहावीत, कारण आपल्या तिसऱ्या क्रियापदाचा दोष केवळ वेळेकडे पाहून दिसला नसता. तसेच ५०० बिंदूंवर मोजून २०,००० चा अंदाज थेट बांधू नये : ५०० बिंदूंना तिसऱ्या क्रियापदाचा मधला ॲरे ६० लाख बाइटचा असतो आणि तो अनेक यंत्रांच्या शेवटच्या पातळीच्या कॅशेत मावतो, त्यामुळे तेथे ते क्रियापद प्रत्यक्षाहून बरे दिसेल. किमान दोन वेगवेगळ्या आकारांवर, आणि त्यातला एक प्रत्यक्ष कामाच्या जवळचा घेऊन, मोजावे.